एक लाईट, किती कामं!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, विषय कुठलाही घ्या, पण जरा लाईट घ्या. लोक कंटाळतात." आणि आत्ता स्टेजवर चढताना माईकवाला कानात म्हणाला, "सर, लाईट हाय तवर उरकून घ्या." दोघांनी एकच शब्द वापरला. एकाला हलकंफुलकं म्हणायचं होतं, दुसऱ्याला वीज. मी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं. त्यामुळं म्हटलं, चला, आज या 'लाईट'वरच बोलू. विषयही मिळाला आणि सेक्रेटरींची अटही पाळली गेली.

दिवसभरात हा शब्द आपण किती वेळा आणि किती अर्थांनी वापरतो ते बघा. सकाळी उठलं की 'लाईट लाव'. गॅस पेटवायला 'लायटर'. पोट बिघडलं की डॉक्टर सांगतात, 'दोन दिवस लाईट खा'. बायका साडीच्या दुकानात म्हणतात, 'यातच जरा लाईट कलर दाखवा'. चांदीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, 'पैंजण दिसायला भरीव पाहिजे, पण वजनाला लाईट पाहिजे'. महिन्याला 'लाईटबिल' येतं. गणपतीत आणि अंबाबाईच्या यात्रेत 'लायटिंग' होते. ऊसाची ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी दिसली की आपण ओरडतो, 'आरं, मागं लाईट न्हाई!' आणि कुणाला लागेल असं बोललो की वर म्हणतो, 'लाईट घे रे.' एवढी कामं आपण एका शब्दाला लावली आहेत. गड्याला सुद्धा इतकी कामं सांगितली तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

आता एक गंमत सांगतो. 'लाईट गेली' म्हणताना आपण तिला बाई करतो. 'गेली', 'आली', 'कवा येणार?' पण जिन्यातला लाईट मात्र पुरुष. 'तो लाईट बंद कर', 'तो लाईट उडालाय.' असं का? शब्द इंग्रजांचा, पण त्याला घरात घेताना आपण आपल्याच माणसांशेजारी बसवलं. वीज स्त्रीलिंगी, म्हणून वीज या अर्थाची लाईट स्त्रीलिंगी. दिवा पुल्लिंगी, म्हणून दिवा या अर्थाचा लाईट पुल्लिंगी. 'लाईट गेली, म्हणून लाईट बंद झाला' हे वाक्य आपलं चार वर्षांचं पोरगं न चुकता बोलतं. त्याला कुणी व्याकरण शिकवलेलं नसतं. याचा अर्थ आपली मराठी जिवंत आहे. परका शब्द आला की ती घाबरत नाही, त्याला पाट देते आणि आपल्या पंगतीत बसवते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडं लाईट 'जाते' आणि 'येते', पाहुण्यासारखी. पूर्वी दिव्याच्या बाबतीत 'विझला' हा शब्द तोंडातून काढायचा नाही अशी रीत होती. दिवा 'मालवायचा', दिवा 'शांत व्हायचा'. संध्याकाळच्या वेळेला नावच दिवेलागण. विजेचे दिवे आले तरी रीत राहिली. अजूनही कित्येक घरांत संध्याकाळी बटण दाबलं की घरातली वडीलधारी माणसं आधी बल्बला हात जोडतात. इंग्रजी शब्द आला, तंत्र परदेशातून आलं, पण नमस्कार आपलाच राहिला.

ही लाईट आपल्या भागात आकाशातून पडली नाही. १९१५ साली टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली, ती मुंबईसाठी. आपल्या बाजूला खरा फरक पडला तो कोयनेमुळं. १९६० साली वीज मंडळ झालं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कोयनेची वीज सुरू झाली. आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. मंडळ स्थापन झाल्याचं साल आणि कोयनेचे मेगावॅट हे दोन आकडे सारखेच आहेत, पोरांनो, परीक्षेला लक्षात ठेवायला सोपं. २००५ मध्ये मंडळाचे भाग झाले आणि महावितरण आलं, पण आपण अजून 'बोर्डाचा माणूस' असंच म्हणतो.

त्याच सुमाराला लोडशेडिंगचा काळ आला. सरकारी कागदात 'भारनियमन' लिहायचे, आपल्या तोंडात लोडशेडिंगच. आपली सोसायटी तेव्हा नवी होती. गल्लीत चांदीचं काम करणारी घरं होती. तार ओढायचं मशीन थांबायचं, पट्टीचं मशीन थांबायचं, पॉलिशची मोटर थांबायची. कारागिराला मजुरी कामाची, बसून राहिलेल्या तासांची नव्हे. म्हणून लाईट रात्री दोनला आली तर दोनला उठून काम करायची माणसं होती. शेतकऱ्याचं तर अजून तेच आहे. मोटरीची थ्री-फेज लाईट एका आठवड्यात दिवसाची, दुसऱ्या आठवड्यात रात्रीची. थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन ऊसात पाणी पाजायला जाणं म्हणजे काय, ते साप-विंचवाच्या भीतीनं घरात जाग्या राहिलेल्या माणसांना विचारा. दिवसा लाईट द्या, यासाठी आपल्या जिल्ह्यातले शेतकरी उगाच रस्त्यावर येत नाहीत.

पण त्या काळाची एक बाजू इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. लाईट गेली की दारं उघडायची. उकाड्यानं सगळे जिन्यात, नाहीतर गच्चीवर. कोण कुठल्या गावचं, कुणाची मुलगी कुठं दिलीय, कुणाचा दम्याचा त्रास वाढलाय, हे सगळं त्या अंधारात कळलं. आणि लाईट आली की अख्खी कॉलनी एका सुरात ओरडायची, 'आलीऽऽ!' आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत. लाईट गेली तरी कळत नाही, त्यामुळं दारंही उघडत नाहीत. लोडशेडिंग परत यावं असं मी म्हणत नाही. दार उघडायला लाईट जायची वाट बघू नये, एवढंच म्हणतो.

जाता जाता, 'ट्यूबलाईट'. ज्याला विनोद उशिरा कळतो त्याला आपण ट्यूबलाईट म्हणतो. आजच्या पोरांना हे का, ते माहीत नाही, कारण त्यांनी एलईडीच बघितली, बटण दाबलं की लख्ख. जुन्या ट्यूबला चोक आणि स्टार्टर असायचा. आधी स्टार्टर दोन्ही टोकांच्या तारा तापवायचा, मग चोक दाबाचा धक्का द्यायचा आणि मग आतल्या वायूतून वीज वाहायची. तोवर ती दोन-तीन वेळा डोळे मिचकावायची. तेव्हा ज्याला आपण ट्यूबलाईट म्हणून हसतो तो आत तयारी करत असतो, हे लक्षात ठेवा. आमच्या वर्गात अशी पुष्कळ पोरं होती. उशिरा पेटली, पण पेटल्यावर छान उजेड दिला.

आता मुळात जाऊ. वीज-प्रकाशाची लाईट आणि हलकी लाईट, हा इंग्रजीत एकच शब्द आहे का? नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक झालं, उच्चार एक झाला, पण त्यांची घराणी वेगळी. जर्मन भाषा इंग्रजीची चुलत बहीण. तिच्यात अजून प्रकाशाला 'लिश्ट' म्हणतात आणि हलक्याला 'लाइश्ट'. आपली पोरं नेहमी विचारतात, सर, स्पेलिंगमध्ये मधे जी-एच कशाला, उच्चार तर नाही? एके काळी होता. इंग्लंडची माणसं तिथं घशातून 'ख'सारखा आवाज काढायची. आवाज गेला, अक्षरं राहिली. वाड्यातली माणसं गेली तरी खुंट्या भिंतीवर राहतात, तसं.

आणि ही दोन्ही घराणी आपली नातेवाईक आहेत. युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत एका फार जुन्या भाषेपासून आल्या, हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. हलका या अर्थाचा 'लाईट' आणि संस्कृत 'लघु' हे एकाच मुळाचे. लघु शब्द प्राकृतात 'लहु' झाला, मग अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलु' झाला आणि त्यातूनच आपले 'हळू' आणि 'हलका' आले. म्हणजे 'लाईट' आणि 'हलका' हे लांबचे भाऊ आहेत.

प्रकाशाच्या 'लाईट'चं नातं तर आणखी गोड आहे. त्याचं मूळ संस्कृतात 'रुच्' म्हणजे चमकणे असं दिसतं. त्यापासून 'रुक्म' झाला. रुक्म म्हणजे चमकणारं ते, म्हणजे सोनं, सोन्याचा दागिना. रुक्मापासून 'रुक्मिणी'. आणि रुक्मिणीची आपल्या तोंडात झाली 'रखुमाई'. म्हणजे आषाढीला पट्टणकोडोलीतून, रेंदाळमधून, आपल्या हुपरीतून जी माणसं पायी पंढरपूरला जातात, ती विठ्ठलाशेजारी जिच्या पायांवर डोकं ठेवतात तिच्या नावात आणि आपल्या जिन्यातल्या लाईटमध्ये एकच जुना धागा आहे. दागिन्यांच्या गावात हे नातं कळावं, याचा मला विशेष आनंद आहे.

नातं असलं तरी एक काळजी आहे. पाहुणा घरात आला, चांगलं झालं. पण त्याच्यासाठी घरातली माणसं बाहेर काढायची नसतात. साडीचा रंग घ्या. आपल्या आया-आज्या केतकी म्हणायच्या, श्रीखंडी म्हणायच्या, मोतिया, बदामी, आकाशी, अबोली म्हणायच्या. डोळ्यांपुढं नेमका रंग उभा राहायचा. आता हे सगळे 'लाईट'. लाईट पिवळा, लाईट निळा, लाईट गुलाबी. उजेडाचंही तसंच. कवडसा वेगळा, तिरीप वेगळी, झोत वेगळा, मिणमिणता वेगळा, लख्ख वेगळा. चांदीच्या कामात आपण दागिना 'उजळतो'. काळवंडलेला माल उजळून पांढरा करायचा. शाळेत जुना धडा परत करायचा त्याला आपण 'उजळणी' म्हणतो, तो याच घरातला शब्द. पाढ्यावर चढलेला काळेपणा घासून काढायचा, ती उजळणी. हुपरीच्या पोरांना 'रिव्हिजन'पेक्षा हा शब्द लवकर कळायला पाहिजे, कारण त्यांच्या घरात तो रोज डोळ्यांसमोर घडतो.

आता 'लाईट वजन'. हा विषय मात्र लाईट नाही. चांदीचा भाव २०२५ साली किलोला लाखाच्या पुढं गेला. भाव वाढला की गिऱ्हाईक म्हणतं, पैंजण तसंच हवं, पण वजन कमी करा. त्याचंही चुकत नाही. लेकीच्या लग्नात पैंजण तर घालायचंच, आणि खिसा आहे तेवढाच. म्हणून माल लाईट होतो. पण गणित करून बघा. समजा शंभर ग्रॅमचा जोड. किलोत दहा जोड झाले. तोच जोड पन्नास ग्रॅमचा केला तर किलोत वीस जोड. कड्या तेवढ्याच, घुंगरं तेवढीच, डाग द्यायच्या जागा तेवढ्याच, उलट तार बारीक म्हणून काम जास्त नाजूक. म्हणजे एका किलोमागं काम दुप्पट झालं. आता मजुरी जर किलोवर ठरलेली असेल आणि ती तेवढीच राहिली, तर प्रत्येक जोडामागं कारागिराला निम्मेच पैसे पडले. दागिना लाईट झाला, पण ज्यानं तो केला त्याचा दिवस जड झाला. त्यातली पुष्कळशी कडी जोडणी घरातल्या बायका करतात, स्वयंपाक-पाणी आवरून, ट्यूबखाली डोळे बारीक करून. पन्नाशीच्या आत चष्म्याचे नंबर वाढतात. या सभागृहात माल करून घेणारेही बसले आहेत आणि माल करणारेही. कुणाकडं बोट दाखवायला मी उभा नाही. पण माल जसा लाईट होत जाईल तशी मजुरी जोडावर, नगावर ठरायला पाहिजे, हे पाचवीतल्या पोराला कळणारं गणित आहे. एकत्र बसून ते सोडवायला काय हरकत आहे?

आणि शेवटची लाईट, 'लाईट घे'. हा शब्द मला सगळ्यांत जास्त टोचतो. पूर्वी आपण म्हणायचो, 'मनाला लावून घेऊ नको.' फरक बघा. 'मनाला लावून घेऊ नको' हे बहुतेक वेळा तिसरं माणूस म्हणायचं, पाठीवर हात ठेवून, समजूत काढायला. त्यात एक कबुली असायची की लागलंय, हे मला दिसतंय. 'लाईट घे' हे ज्यानं दुखावलं तोच म्हणतो, आणि लगेच म्हणतो, हसत हसत. म्हणजे मार मीच द्यायचा आणि वळ उठला तर चूक तुझी, तुला विनोद कळत नाही! नव्या सुनेच्या रंगावरून बोलायचं आणि वर लाईट घे. कुणाच्या पोराच्या मार्कांवरून बोलायचं आणि लाईट घे. लग्न न ठरलेल्या मुलीला हळदीकुंकवाला चार बायकांत विचारायचं आणि लाईट घे. ती मुलगी पुढच्या हळदीकुंकवाला येत नाही. आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना आवडच नाही. आवड असते हो, पण दर वेळी तिनंच किती लाईट घ्यायचं? वजन टाकणाऱ्यानं ते हलकं आहे असं सांगायचं नसतं. किती जड आहे ते उचलणाऱ्याला विचारायचं असतं.

सोसायटीचा कार्यक्रम आहे, म्हणून कॉमन लाईटबिलावर बोलल्याशिवाय कसं सोडू? जिन्यातला, गेटवरचा आणि पाण्याच्या मोटरीचा हिशोब आपण दरवर्षी मीटिंगमध्ये तावातावानं करतो. आदर्श उपविधींमध्ये कॉमन विजेचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो प्रत्येक सदनिकेला सारखा विभागतात. पाणीपट्टी नळांच्या प्रमाणात, पण जिन्यातला उजेड सगळ्यांना सारखा. तळमजल्यावरचं माणूस म्हणेल, मी जिना चढतच नाही, मी का भरू? कायद्यानं त्याचं उत्तर दिलंय. घरापुढचा उजेड हा कुणा एकाचा नसतो. रात्री वरच्या मजल्यावर कुणाला छातीत दुखलं आणि खाली आणायची वेळ आली, तर खांदा द्यायला तळमजलाच आधी धावतो. त्या वेळी जिन्यात दिवा पाहिजे.

काटकसरीचंही सांगतो. समजा जिन्यात साठ वॅटचे चार बल्ब रोज बारा तास जळतात. महिन्याला शहाऐंशी युनिट होतात. त्याच जागी नऊ वॅटचे एलईडी लावले तर तेराच युनिट. ज्या निळ्या एलईडीमुळं हा पांढरा उजेड शक्य झाला, ती शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं. म्हणजे नोबेलचा उजेड आज आपल्या जिन्यात आहे. फक्त तो सकाळी बंद करायचं काम नोबेलवाले करणार नाहीत. ते ज्याला आधी दिसेल त्यानं करायचं. 'माझ्या मजल्याचा नाही' असं म्हणून पुढं जायचं नाही.

पंचवीस वर्षांच्या वाढदिवसाला रौप्यमहोत्सव म्हणतात. हुपरीत चांदीचं कौतुक वेगळं सांगायला नको. चांदी कितीही चांगली असली तरी नुसती ठेवली की काळी पडते, आणि म्हणून तिला अधूनमधून उजळावं लागतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेजाराचंही तेच आहे. जिन्यात भेटल्यावर दोन शब्द बोलणं, कुणाच्या दारात रात्री उशिरा लाईट दिसली तर सकाळी चौकशी करणं, एवढ्यानं तो उजळ राहतो.

माईकवाल्यानं मघापासून दोनदा घड्याळाकडं बघितलंय आणि बाहेर आमटीचा वास सुटलाय. जेवण लाईट नाही, हे मी आधीच बघून आलोय. पोटभर जेवा. ज्यांनी ही सोसायटी उभी केली आणि आज जे आपल्यात नाहीत, त्यांची आठवण ठेवा. आणि जाताना शेवटच्या माणसानं हॉलचा लाईट बंद करा.